डोंगराच्या सहलीचेही हंगामासारखे नियोजन हवे



पेरणीच्या आधी आपण काय काय बघतो? जमिनीत ओल किती आहे, बियाणे कोणते, खत कधी टाकायचे, मजूर मिळणार की नाही, आणि पाऊस लांबला तर दुबार पेरणीची तजवीज काय. एवढा विचार केल्याशिवाय जाणता शेतकरी पाभर जुंपत नाही. पण हाच शेतकरी चाळीस माणसे एका गाडीत घालून डोंगराला निघतो, तेव्हा विचार काय करतो? गाडी ठरली, आचारी ठरला, नारळ फोडला, निघाले! बाकी सगळे देवाच्या हवाली.

हे दुसऱ्याच्या गावाकडे बोट दाखवून लिहीत नाही. मी स्वतः असेच केले होते, ते पुढे सांगतो. आधी डोंगराला जायचे कशाला, हे बघू. कारण 'डोंगर चढणे म्हणजे शहरातल्या रिकाम्या लोकांची हौस, आपल्याला काय त्याचे?' असे म्हणणारे पुष्कळ भेटतात.

आपल्या पाण्याचे माहेर

नगर जिल्ह्याचे (2024 पासून अहिल्यानगरचे) खालचे तालुके घ्या. संगमनेर, राहाता, श्रीरामपूर, राहुरी, नेवासे. इथला ऊस, इथली डाळिंबे, इथली घासाची हिरवी वाफरे कोणाच्या जिवावर उभी आहेत? प्रवरेच्या आणि मुळेच्या. प्रवरा उगम पावते अकोले तालुक्यात रतनगडावर. मुळा निघते हरिश्चंद्रगडाच्या रांगेतून. भंडारदऱ्याचे धरण 1926 साली पुरे झाले. अकरा टीएमसीचे हे धरण पंधरा ऑगस्टपर्यंत भरते की नाही, यावर आपल्या पारावर दरवर्षी पैजा लागतात. खाली निळवंडे झाले आणि 2023 साली त्याच्या डाव्या कालव्याला पाणी आले, तेव्हा दुष्काळी टापूतल्या म्हाताऱ्या माणसांच्या डोळ्यांत पाणी आले होते.

पण हे पाणी जिथे पडते तो डोंगर आपल्यातल्या किती जणांनी पाहिला आहे? घाटघर-रतनवाडीच्या बाजूला वर्षाला चार-पाच हजार मिलिमीटर पाऊस कोसळतो. खाली आपल्याकडे पाचशे-सहाशे मिलिमीटर झाला तरी आपण बरे साल म्हणतो. एकाच जिल्ह्यात आठ-दहा पटींचा फरक! आणि गंमत बघा, जिथे इतका पाऊस पडतो त्याच डोंगरातल्या कित्येक वाड्यांवर एप्रिल-मे महिन्यात बायका हंडे घेऊन झऱ्यावर नंबर लावतात. पाणी कड्यावरून धावत खाली येते, ते आपल्या कालव्याला मिळते आणि वरच्यांच्या वाट्याला खडक राहतो. हे डोळ्यांनी पाहिलेला शेतकरी रात्रपाळीचे पाणी मोकाट सोडून झोपायला जाणार नाही, असे मला वाटते. दहा व्याख्यानांनी होत नाही ते एका चढणीने होते.

म्हणून माझे पहिले मत असे की, 'आत्मा'च्या योजनेतून असो, सोसायटीच्या खर्चाने असो की गटाच्या वर्गणीतून, आपले अभ्यास दौरे हिवरे बाजार आणि राळेगणसिद्धीला जातात तसे एकदा अकोल्याच्या डोंगरातही गेले पाहिजेत. 1646 मीटर म्हणजे 5400 फूट उंचीचे, साऱ्या महाराष्ट्रात उंच असलेले कळसूबाईचे शिखर आपल्याच जिल्ह्याच्या हद्दीवर आहे. हरिश्चंद्रगडाचा कोकणकडा आहे, रतनवाडीचे अमृतेश्वराचे देऊळ आहे, साम्रदची सांदण दरी आहे. वाटेत कोंभाळणे गाव आहे, जिथे 2020 साली पद्मश्री जाहीर झालेल्या बीजमाता राहीबाई पोपेरे यांनी गावठी वाणांची बियाणे बँक उभी केली. भात, नागली, वरई, वाल यांची जुनी वाणे पाहायची तर यापेक्षा चांगली जागा कोणती? हौसही होते आणि पदरात काही पडतेही.

मात्र जायचे ते नियोजन करून. कारण डोंगरात चूक झाली तर पुढच्या हंगामात ती भरून काढता येत नाही.

आमची फजिती

2022 सालचा सप्टेंबर. आमच्या शेतकरी गटातले अडतीस जण कळसूबाईला निघालो. नियोजन माझ्याकडे होते. सकाळी सहाला निघायचे ठरले, गाडी हलली साडेसातला. वाटेत दोन ठिकाणी दर्शन, दोन ठिकाणी चहा. कोल्हार-घोटी रस्त्याने पायथ्याच्या बारी गावात पोहोचलो तेव्हा साडेअकरा वाजले होते. मग नाष्टा. प्रत्यक्ष चढायला लागलो ते साडेबाराला. निम्म्या लोकांच्या पायात चपला. पाण्याची बाटली सगळ्यांकडे नव्हती. कोणाला काय दुखणे आहे हे मी विचारले नव्हते.

बारीहून शिखर एका बाजूला सहा-साडेसहा किलोमीटर. उंची चढायची जवळपास अडीच हजार फूट. तरण्या माणसाला तीन तास, आपल्यासारख्या मिसळ मंडळींना चार-साडेचार. म्हणजे साडेबाराला निघालेला माणूस वर पोहोचणार पाचला आणि अंधारात उतरणार. हा हिशेब शाळेतल्या पोराने केला असता, मी केला नाही.

वर धुके उतरले. लोखंडी शिड्या ओल्या झाल्या. गटातले एक काका, वय साठच्या पुढे, साखरेचा त्रास असलेले, दुसऱ्या शिडीपाशी घाम येऊन खाली बसले. सकाळी गोळी घेतली होती, पोटात नीट काही नव्हते. पुढे गेलेल्यांना मागचे माहीत नाही, मागच्यांना पुढचे माहीत नाही. मोबाइलला रेंज नाही. सात वाजता अंधार गुडुप झाला आणि आमच्याकडे बॅटऱ्या तीन.

तेवढ्यात खालून उजेड हलताना दिसला. बारीतली दोन पोरे, दिवसभर शेतात निंदणी करून घरी आलेली, गाडी अजून उभी का म्हणून चौकशी करीत वर आली होती. त्यांनी काकांना गुळाचा खडा दिला, पाणी पाजले, अर्धा तास बसवले आणि मग आळीपाळीने पाठीवर घेऊन खाली आणले. रात्री साडेदहा वाजले. पैसे देऊ केले तर घेईनात. त्यातला एक मला एवढेच म्हणाला, "दादा, डोंगर कुठं पळून जात न्हाई. पण उजेड जातो."

काका आज ठणठणीत आहेत. पण त्या रात्री गाडीत कोणी कोणाशी बोलत नव्हते. मी त्यांच्या मुलाला काय तोंड दाखवले असते, हा विचार अजून मनातून जात नाही. पीक नियोजनाच्या सभा मी वर्षाला पन्नास घेतो, आणि अडतीस जिवांचे नियोजन मला करता आले नाही.

आमचे निभावले. सगळ्यांचे निभावतेच असे नाही. 30 जून 2024 रोजी लोणावळ्याजवळ भुशी धरणामागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातली पाच माणसे लोकांच्या डोळ्यांदेखत वाहून गेली. 15 जून 2025 रोजी मावळात कुंडमळ्याला इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल पर्यटकांच्या गर्दीत कोसळला, चार जणांचे प्राण गेले. दोन्ही दिवस रविवारचे, दोन्ही दिवस पावसाळ्याचे. आता आपल्या गावचीही पोरे शनिवार आला की एका मोटारसायकलवर तिघे बसून डोंगराकडे पळतात, कड्याच्या टोकावर उभे राहून मोबाइलवर रील काढतात. 'जाऊ नका' म्हटले तर ऐकणार नाहीत. कसे जायचे, हे तरी आपण त्यांना शिकवायला नको का?

कोणत्या महिन्यात काय

पिकाला जसा हंगाम असतो तसा डोंगरालाही असतो. मे महिन्याची अखेर आणि जूनचा पहिला पंधरवडा हा काजव्यांचा. भंडारदरा, पुरुषवाडी या बाजूला हिरडा, बेहडा, सादड्याची झाडे रात्री लुकलुकतात. पण काजव्यांचा तो मिलनाचा काळ असतो. गाडीचे दिवे आणि बॅटऱ्या मारून आपण त्यांचे घर मोडतो. दिवे बंद करून, लांब उभे राहून, बोलणे कमी करून बघावे.

जूनच्या मध्यापासून जुलै अखेरपर्यंत डोंगरातल्या माणसाला आवणीपुढे मान वर करायला फुरसत नसते. राब भाजून, रोप तयार करून, चिखल करून भात लावायचा तो याच दिवसांत. पाऊसही याच दिवसांत सर्वात जास्त. दरड कोसळण्याचा धोका याच दिवसांत. माळीणची दरड 30 जुलै 2014 ची आणि इर्शाळवाडीची 19 जुलै 2023 च्या रात्रीची, हे विसरू नका. माझे स्पष्ट मत आहे की या सहा आठवड्यांत मोठ्या सहली काढूच नयेत. आपल्या घरी उसाची लागण चालू असताना चाळीस पाहुणे बांधावर आले तर आपण काय म्हणू?

ऑगस्टच्या अखेरीपासून सप्टेंबरभर पाऊस उघडझाप करतो. सोनकीची पिवळी फुले पठारावर पसरतात. दिसायला हा काळ सुंदर, पण वाट निसरडी आणि धुके दाट. नवरात्रात कळसूबाईला यात्रा असते, शिड्यांवर गर्दी होते. ऑक्टोबर-नोव्हेंबरात भाताची कापणी-झोडणी. शेतकऱ्याने बघायला जावे ते याच वेळी. डिसेंबर ते फेब्रुवारी हा चढाईला सर्वात चांगला काळ. हवा थंड, वाट कोरडी, लांबचे दिसते. सांदण दरी याच कोरड्या दिवसांत बघायची. पावसाळ्यात ती दरी म्हणजे पाण्याचा पाट होतो, तिकडे फिरकायचे नाही. मार्चनंतर ऊन तापते, पाणी आटते, वणवे लागतात. कडेकपारीला आग्या मोहोळ असते. धूर केला, दगड मारला, फार अत्तर लावून गेले की माश्या उठतात आणि मग कड्यावर पळायला जागा नसते.

निघण्यापूर्वीची यादी

आमच्या फजितीनंतर आम्ही गटासाठी काही नियम कागदावर लिहिले. ते इथे देतो. कापून ठेवा, कामाला येतील.

1) गडाची निवड गटातल्या सर्वात कमकुवत माणसाकडे बघून करावी. साठीच्या पुढची माणसे जास्त असतील तर रतनवाडीचे देऊळ, रंधा धबधबा, कोंभाळणे एवढेच बघून यावे. त्यात काही कमीपणा नाही. हरिश्चंद्रगडाला पाचनईची वाट इतर वाटांपेक्षा सोपी. नळीच्या वाटेचे नाव नवख्याने काढू नये.

2) रक्तदाब, साखर, दमा, हृदयविकार कोणाला आहे ते आधी विचारावे आणि लिहून घ्यावे. विचारायला लाजू नये, सांगायलाही लाजू नये. ज्याची त्याची गोळी ज्याच्या त्याच्या खिशात असावी.

3) आदल्या दिवशी पायथ्याला मुक्काम करावा आणि उजाडताच चढायला लागावे. मुक्काम जमत नसेल तर मध्यरात्रीनंतर निघावे, पण चालकाची झोप पुरी झालेली असावी.

4) परतीची वेळ आधी ठरवावी. दुपारी बारा वाजता जिथे असू तिथून माघारी फिरायचे, शिखर शंभर पावलांवर असले तरी. आम्ही हा नियम मोडला म्हणून फसलो.

5) माणशी तीन लिटर पाणी. भाकरी, चटणी, गूळ-शेंगदाणे, मीठ-साखरेची पुडी. पायात पकड असलेले बूट. माणशी एक बॅटरी, एक शिट्टी. दहा माणसांमागे एक प्रथमोपचार पेटी आणि एक मजबूत दोर.

6) सर्वात पुढे एक जाणता, सर्वात मागे एक जाणता. मागच्याच्या मागे कोणी राहायचे नाही. दर तासाला डोकी मोजायची.

7) गावातला वाटाड्या घेतल्याशिवाय चढायचे नाही. पाचशे-हजार रुपये वाचवून कोणी श्रीमंत होत नाही.

8) हवामान खात्याचा नारिंगी किंवा लाल इशारा असेल तर सहल रद्द. विजेसाठी 'दामिनी' ॲप आपण शेतात वापरतोच, ते इथेही बघावे. जिल्हाधिकाऱ्यांचा बंदी आदेश असेल तर पळवाट शोधू नये.

9) सगळ्यांची नावे आणि घरचे फोन लिहिलेला कागद खाली पोलीस पाटलांकडे किंवा जिथे जेवण सांगितले त्या घरी ठेवावा. किती वाजेपर्यंत परत येणार तेही सांगावे. वर रेंज नसते. खाली कोणाला तरी माहीत असणे हाच खरा फोन. रेंज मिळाली तर 112 आणि रुग्णवाहिकेला 108.

10) जवळचा सरकारी दवाखाना कुठे आणि तिथे सर्पदंशाचे इंजेक्शन आहे का, हे निघण्यापूर्वी विचारावे.

11) दारू गाडीत चढू द्यायची नाही. आपल्याकडच्या सहलींत हा विषय कोणी काढत नाही, म्हणून मुद्दाम लिहिले.

12) दोराने कडा उतरणे, दोरीवरून दरी ओलांडणे असले साहसी खेळ कोणी करून देत असेल तर त्याची पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी आहे का, ते बघावे. राज्य शासनाने 2021 साली साहसी पर्यटनाचे धोरण आणले त्यात ही नोंदणी सांगितली आहे. आपण बियाण्याच्या पिशवीवरचे लेबल बघतो ना? इथे तर आपल्या पोराचा जीव दोरीला टांगायचा आहे.

पायथ्याच्या गावांनो, तुम्हीही

आता दोन शब्द वरच्या गावांतल्या सरपंच, पोलीस पाटील आणि ग्रामपंचायतीच्या अधिकारी मंडळींसाठी. सहल काढणाऱ्याला मी चार गोष्टी सुनावल्या, तशा तुम्हालाही सुनावल्या तर राग मानू नका.

एका गावात आवणीच्या दिवसांत एक आजी मला म्हणाल्या, "बाबा, आमचं रोप पाण्यात आन् यांच्या गाड्या बांधावर. बांध फुटला तर भात कोण देनार?" त्यांचे खाचर चार गुंठ्यांचे. त्यावर त्यांच्या घराचा चार महिन्यांचा भात. पर्यटकाने बाटली फोडली की काच त्याच खाचरात, चिखलात उतरणाऱ्या अनवाणी पायाखाली. पर्यटक हरवला की हातातले काम टाकून, मजुरी बुडवून शोधायला जाणार कोण? गावातलीच पोरे. म्हणजे तोटा गावाचा, धोका गावाचा. मग फायदा कोणाचा?

साधा हिशेब करू. समजा चाळीस जणांची सहल, माणशी हजार रुपये, म्हणजे चाळीस हजार. त्यातले गाडीचे अठरा हजार गेले. उरलेल्या बावीस हजारांत आचारी, किराणा, पाण्याचे बॉक्स सगळे खालून नेले, तर डोंगरातल्या गावाला काय मिळाले? रिकाम्या पत्रावळ्या आणि प्लास्टिक. तेच जेवण गावातल्या बचत गटाला सांगितले, दोन-तीन वाटाडे घेतले, मुक्काम चार घरांत केला, आणि येताना माणशी दोन किलो हातसडीचा तांदूळ आणि नागली घेतली, तर पंधरा-सोळा हजार रुपये गावात राहतात. मार्केटला न जाता तांदूळ विकला जातो, तोही दलालाशिवाय. खालच्या शेतकऱ्याला तर हे लगेच कळायला हवे, कारण दलालाने भाजलेला तोही आहेच.

पण हे आपोआप होत नाही. ग्रामसभेत बसून ठरवावे लागते. अकोल्याचा पश्चिम भाग अनुसूचित क्षेत्रात येतो. 1996 च्या पेसा कायद्याने आणि राज्याच्या 2014 च्या नियमांनी तिथल्या ग्रामसभेच्या हाती बळ दिले आहे. कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य 1986 सालचे. त्यामुळे वन्यजीव विभागाला सोबत घेऊनच सगळे करायचे. गावात ग्राम परिस्थितीकीय विकास समिती असेल तर तिच्यामार्फत करावे. ठराव काय करायचे? गावच्या वेशीवर येणाऱ्या-जाणाऱ्यांची नोंदवही. वाटाड्यांची यादी आणि ठरलेले दर, फळ्यावर लिहिलेले. गाड्या उभ्या करायची जागा खाचरांपासून दूर. बायकांसाठी स्वच्छतागृह. आवणीच्या आठवड्यांत किती लोक घ्यायचे, याची मर्यादा. आणि जमा होणाऱ्या शुल्कातला एक हिस्सा बचाव साहित्यासाठी राखून ठेवायचा: स्ट्रेचर, दोर, बॅटऱ्या, आणि शोधायला गेलेल्या पोरांची बुडालेली मजुरी. उपकार म्हणून नव्हे, हक्काची.

ज्या शेतकऱ्याला स्वतःच्या शिवारात पाहुणे ठेवायचे आहेत त्याच्यासाठी 2020 सालचे राज्याचे कृषी पर्यटन धोरण आहे. नोंदणी करून रीतसर उद्योग करता येतो. कागदपत्रांसाठी आमच्या खात्याच्या माणसाला विचारा, आम्ही त्यासाठीच आहोत.

काही जण म्हणतात, एवढी कटकट कशाला, पर्यटन सरळ बंदच करा. मला ते पटत नाही. बंदीचा फलक लावला तरी पोरे मागच्या वाटेने चढतात, आणि मागच्या वाटेवर कोणी नोंद घेणारा नसतो. शिवाय दोन पैसे गावात मिळाले तर आवणी झाल्यावर नारायणगावच्या टोमॅटोवर मजुरीला जाणारे एखादे कुटुंब गावातच थांबेल. बंदीने यातले काहीच होत नाही. शिस्त लावली तर दोन्ही होते. मात्र शिस्त लावायची तर ती गावाने लावली पाहिजे. मुंबईहून लागलेली शिस्त पाचनईला पोहोचेपर्यंत सोमवार उजाडतो.

शेवटी

तेव्हा बंधूंनो, दिवाळीनंतर ऊसतोडीची धांदल सुरू होण्याआधी किंवा जानेवारीत गहू-हरभऱ्याचे एक पाणी उरकले की दोन दिवस काढा. गटाची बैठक घ्या, वरची यादी मोठ्याने वाचा. पायथ्याच्या गावात आधी फोन करा, किती जण येणार ते सांगा, जेवण सांगा, वाटाड्या सांगा. पोराबाळांना न्या, आणि घरच्या लक्ष्मीलाही न्या. डोंगरावरच्या देवीला तिनेच नवस बोललेला असतो आणि सहलीला मात्र आपण एकटे जातो.

वर उभे राहून खाली बघा. भंडारदऱ्याचे पाणी दिसेल, आणि ते पाणी ज्या वाटेने आपल्या वावराकडे येते ती दरी दिसेल. मग घड्याळात बघा आणि खाली उतरायला लागा.

बारीच्या त्या दोन पोरांना भेटायला आमचा गट गेल्या वर्षी पुन्हा गेला होता. काका सोबत होते. ते वर चढले नाहीत. खाली त्यांच्या ओट्यावर बसून भाताच्या वाणांवर गप्पा मारत राहिले. आम्ही सकाळी सहाला चढलो, बाराच्या आत माघारी फिरलो आणि तीनच्या आत जेवायला खाली होतो. येताना गाडीत तांदळाची आठ पोती होती. या वेळी बॅटरी कोणालाच लावावी लागली नाही.